एक बोट, दोन बोटं

माझा आवाज मोठा होता. मोठा म्हणजे किती, तर घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या चाळीच्या खालच्या पायरीवर उभा राहून मी "सुनंदा, चहा टाक" असं ओरडलो, की सुनंदा टाकायचीच, पण वरच्या घरातल्या दोन-तीन बायकाही दचकून गॅस पेटवायच्या. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केली. "पुढे सरका, पुढे मोकळं आहे" असं मी एकदा म्हटलं की माणसं सरकायची, आणि जागा नसली तरी सरकायची. वाडीत मला अजून सगळे मास्तर म्हणतात.

आता तो आवाज नाही. जो आहे तो जुन्या रेडिओवर स्टेशन अर्धवट लागल्यावर येतो तसा आहे. पण आहे. मीही आहे आणि झकास आहे. हे लिहितोय ते तुमच्यासाठी, जे आत्ता कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बाकावर नंबराची वाट बघत बसला असाल. डॉक्टरकी मला कळत नाही, त्यामुळे ती मी सांगणार नाही. बाकावर बसून जे झालं ते सांगतो.

घसा बसला

सुरुवातीला नुसता घसा बसला होता. कोणाचा बसत नाही? सुनंदाने ज्येष्ठमध दिला, हळदीचं दूध दिलं, शेजारणीने लवंग दिली, मेव्हण्याने फोनवरून सल्ला दिला. आवाज काही उठेना. शेवटी आमची मुलगी प्रणाली मला ओढत घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयाने प्रणालीएवढीच. नाकातून एक बारीक नळी घातली, बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला आम्ही तिघं गेलो तर तिने आधी दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मला कळलं की आपली वाट लागली.

"काका, स्वरयंत्राचा कॅन्सर आहे," ती म्हणाली. "पण लवकर सापडलाय. आपण लाईट देऊया, म्हणजे रेडिएशन. बहुतेक तेवढ्यावर भागेल."

सुनंदाने विचारलं, "आणि नाही भागलं तर?"

"तर ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस जगतो, मावशी. चांगला जगतो. फक्त आवाज जातो."

खरं सांगतो, अशा वेळी माणसाला मरण दिसतं म्हणतात. मला गणपती दिसले. उन्हाळा लागत होता, भाद्रपद यायला वेळ होता, आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की ह्या वर्षी गाऱ्हाणं कोण घालणार? आणि तोंडातून निघून गेलं, "डॉक्टर, लाईट काय द्यायची ती द्या. ते ऑपरेशन आपण करायचं नाही. आवाज नाही तर मग उरलं काय?"

डॉक्टरीणबाईने लाईटच्या तारखा लिहून दिल्या. रिक्षात सुनंदा एका बाजूला तोंड करून बसली आणि घरी येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. माझ्याशी भांडायची तर ती मोठमोठ्याने भांडते, त्यामुळे ही शांतता मला कॅन्सरपेक्षा भारी पडली.

व्हय म्हाराजा

आता गाऱ्हाणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्याकडे देवापुढे नुसते हात जोडून चालत नाही, त्याच्याशी बोलावं लागतं. एक माणूस नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो, "बा देवा म्हाराजा!" आणि मागे जमलेले सगळे एका दमात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" मग पुढचं मागणं, की परत "व्हय म्हाराजा!" चाळीच्या गणपतीला हे काम माझ्या वडिलांकडे होतं, त्यांच्यानंतर माझ्याकडे आलं. त्याला माईक लागत नाही. म्हणजे मला लागत नव्हता.

एक गंमत आहे. गाऱ्हाणं घालणारा श्वास घ्यायला थांबला की लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय मागितलं ते कोणी ऐकत नाही, नुसती सवय. एका वर्षी मी मुद्दाम मध्येच घुसवलं, "ह्या बंड्याच्या टीव्हीचो सत्यानाश कर रे म्हाराजा!" सगळी चाळ कडाडली, "व्हय म्हाराजा!" त्यात बंड्याचाही आवाज होता, हात जोडून, डोळे मिटून. बंड्या म्हणजे आमच्या शेजारचा, रात्रंदिवस टीव्ही मोठा करून बसणारा. टीव्ही अजून ठणठणीत आहे.

जाळीचा मुखवटा

लाईट सुरू झाली. त्यासाठी आधी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवतात आणि तो घालून तुम्हाला टेबलाला अडकवतात, म्हणजे मान हलत नाही. पहिल्या दिवशी मला तर श्वासच घेता येईना. आतला माणूस म्हणाला, "काका, डोळे मिटा आणि एखादा रस्ता आठवा." मी आरे कॉलनीतली आमची बस आठवली. सकाळची पहिली फेरी, तबेल्याचा वास, दोन्ही बाजूंना झाडं, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चढणारी पाड्यावरची बाई. मी एकेक स्टॉप मनात घेत गेलो. शेवटचा स्टॉप यायच्या आत मशीन बंद झालं होतं. तुम्हालाही सांगतो, तो मुखवटा घातला की तुमच्या पायाखालचा रस्ता आठवा. काम होतं.

लाईट तशी पटकन आटपते. जीव खातं ते बाकावर बसणं. मशीन बिघडलेलं असतं, नाहीतर कोणीतरी आधी घुसलेलं असतं. आणि मला डॉक्टरीणबाईंनी तंबी दिलेली, बोलायचं नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही, त्याने घशाला जास्त त्रास. आता मला सांगा, भटवाडीचा मास्तर तोंड मिटून बसलाय! पहिल्याच आठवड्यात मी वैतागून बाजूच्या पेशंटची फाईल वाचायला लागलो, तर त्याची बायको भडकली.

समजा

प्रणालीचं काम अंधेरीतल्या एका कंपनीत नवीन माणसं निवडायचं. दिवसभर लोकांना विचारते, समजा तुम्हाला असं करायला सांगितलं तर काय कराल, समजा तसं झालं तर? ती लॅपटॉप घेऊन माझ्यासोबत बाकावर बसायची. एके दिवशी मी फारच चुळबुळ करायला लागलो, तेव्हा तिने लॅपटॉप मिटला.

"बाबा, आपण खेळूया. मी समजा म्हणून विचारणार. दोन उत्तरं देणार. पहिलं हवं तर एक बोट, दुसरं हवं तर दोन बोटं. विचार करायचा नाही, पटकन."

मी मान हलवली.

"समजा आयुष्यभर एकच मासा मिळणार. एक, सुरमई. दोन, बांगडा."

मी दोन बोटं दाखवली. सुरमई पाहुण्यांसाठी, बांगडा घरच्यांसाठी.

"समजा परत नोकरी निवडायची. एक, कंडक्टर. दोन, माझ्यासारखं एसीत ऑफिस."

एक. ह्यात काय विचार करायचा? एसीत बसून कोणाला पुढे सरका म्हणणार?

"समजा परत लग्न करायचंय. एक, आई. दोन, दुसरी कोणीतरी शांत बाई."

मी दोन बोटं वर केली आणि प्रणाली एवढी हसली की सिस्टर बघायला आली. मग मी पटकन एक बोट मागे घेतलं. तिने ते घरी जाऊन आईला सांगितलंच, चहाडखोर कुठली.

बाकावर आमच्या बाजूला वर्सोव्याची पमाबाय बसायची. कोळीण, गालाचा कॅन्सर, गळ्यात सोन्याची बोरमाळ आणि तोंडात फटकळ जीभ. तिची चव गेली होती. काहीही खाल्लं तरी पुठ्ठा, म्हणायची. आमचा खेळ ती दोन दिवस ऐकत राहिली आणि तिसऱ्या दिवशी मध्ये पडली.

"ए पोरी, माझा सवाल विचार तुझ्या बापाला. समजा देवाने सांगितलं, आवाज आणि चव, ह्यातलं एकच परत देतो. मग?"

मी लगेच एक बोट. आवाज.

"येडा आहेस काय रे मास्तर? आवाजाला काय चाटायचंय?" ती म्हणाली. "मला चव दे बाबा. सुक्या बोंबलाची चटणी जिभेला लागली ना, मी जन्मभर मुकी बसेन."

"तू बसशील?" तिचा नवरा मागून म्हणाला. तिथे बसलेले सगळे हसले. लाईटच्या खोलीबाहेर एवढं हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर बाकावरची सगळीच मंडळी समजा खेळायला लागली. कोणाचा गळा, कोणाची जीभ, बोलता येणारे थोडेच, त्यामुळे सगळीकडे बोटं वर. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं हे सगळे बाथरूमला जायची परवानगी मागतायत.

ह्या प्रश्नांनी माझं एक भलं केलं. नोकरीत, संसारात मला काय आवडतं हे मला कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. समजा एक दिवस मोकळा मिळाला तर? वर्सोव्याहून होडीने मढला जाईन आणि काही न करता परत येईन. समजा पुन्हा तरुण झालो तर? नको, परत पहिल्यापासून गुडघे कोण झिजवणार, पण प्रणालीला परत शाळेत सोडायला मिळेल, मग हो. रोज घरी जाताना मी उद्याच्या प्रश्नाची वाट बघायचो. लाईट घ्यायला जाणाऱ्या माणसाने उद्याची वाट बघावी, ही काही लहान गोष्ट नाही.

पेज

सगळं हसण्यावारी गेलं असं नाही. शेवटी शेवटी घसा आतून भाजून निघाला. थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. सुनंदा मऊ पेज करायची, गाळून, कोमट करून, आणि वाटी घेऊन समोर बसायची. मी वाटी ढकलायचो. ती परत पुढे करायची. मला ओरडता येत नव्हतं, म्हणून मी चमचा आपटायचो.

"आपटा," ती म्हणायची. "इतकी वर्षं मी आपटत होते, आता तुमची पाळी."

एके दिवशी मी वाटी ढकलली ती सांडलीच. सुनंदाने फडकं आणलं, जमीन पुसली, हात धुतले, पातेल्यातली उरलेली पेज वाटीत घेतली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. तिला हा खेळ अजिबात आवडायचा नाही, रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणायची. ती म्हणाली, "मला पण एक विचारायचंय. समजा लाईट लागू पडली नाही. मग ऑपरेशन करणार की नाही? एक बोट म्हणजे करणार. दोन बोटं म्हणजे नाही."

माझा हात मांडीवर होता. एक बोट उचलावं तर मनात यायचं, मग गाऱ्हाणं नाही, "सुनंदा, चहा टाक" नाही, फोनवर प्रणालीला "पोचलीस का" नाही. आणि दोन उचलावीत तर समोर ती बसलेली. मी मूठ मिटली.

"कळलं," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं आणि ती रडता रडताच बोलत राहिली. "मला तुमचा आवाज नकोय. आवाज काय, चाळीत पुष्कळ आहेत. मला हा चमचा आपटणारा माणूस पाहिजे. मुका तर मुका. तुम्हाला गाऱ्हाण्याचं पडलंय, आणि मी कोणाकडे गाऱ्हाणं घालू?"

मला तिला जवळ घ्यायचं होतं. मी फक्त तिच्या हातातली वाटी घेतली, उरलेली पेज प्यालो, सगळी, आणि ती पोटात जाईपर्यंत मला ब्रह्मांड आठवलं. पण बोट मी वर केलं नाही. खोटं उत्तर तिला द्यायचं नव्हतं आणि खरं काय ते मलाच माहीत नव्हतं.

बंड्याची तालीम

लाईट संपली. पमाबायने निरोप घेताना सांगितलं, "चव आली की चटणी घेऊन येते. आवाज आला तर फोन कर, नाय आला तर बोट दाखव." हळूहळू घसा शांत झाला, आणि आवाज म्हणून काहीतरी खरखर बाहेर पडायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, एवढ्यावर सांगता येत नाही, मोठी तपासणी गणपतीनंतर करू. तेव्हा कळेल की लाईट पुरली की ऑपरेशन लागणार.

चाळीत सभा झाली. मास्तरांचा घसा असा, मग ह्या वर्षी गाऱ्हाणं बंड्याने घालायचं ठरलं. बंड्या घरी आला. "मास्तरांनू, तुमी काय काळजी करू नका, मी आसंय," म्हणाला आणि माझ्यासमोर तालीम सुरू केली. "बा देवा म्हाराजा!" इथपर्यंत झकास. मग तो विसरला. डोकं खाजवत थांबला, तर दारात उभी असलेली त्याची बायको आणि दोन पोरं ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"अरे, मी अजून काय मागलंय खय?" बंड्या तापला.

मी हसलो. घशातून हसू आलं, खरखरीत, पण खरं हसू. सुनंदाने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि परत आत गेली. तेव्हाच मी ठरवलं की निदान सुरुवात मी करायची. पहिलं मागणं माझं, पुढचं बंड्याचं. मागायचं काय तेही ठरलं होतं. आवाज ठेव, बस.

गाऱ्हाणं

गणपतीच्या पहिल्या दिवशी मांडवात सगळी चाळ जमली. पुढे पोरं, मग पुरुष, मागे बायका. सुनंदा दरवर्षी मोदकांच्या पातेल्यापाशी असते आणि "व्हय म्हाराजा" म्हणत नाही, तिला ते ओरडणं चालत नाही. ह्या वर्षी ती मांडवात आली होती, भिंतीला टेकून. प्रणाली तिच्या शेजारी.

मी नारळ घेतला. माईक समोर धरला होता, आयुष्यात पहिल्यांदा.

"बा देवा म्हाराजा!" मी म्हणालो. आवाज निघाला. फाटका, पण माझा.

"व्हय म्हाराजा!"

सगळी चाळ अशी ओरडली की पताका हलल्या. मग मी श्वास घेतला. "बा देवा म्हाराजा, आज एकच मागणा आसा. माझो..."

आणि आवाज गेला. गेलाच. तोंड उघडं आणि आतून नुसती हवा. मी परत जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, काही नाही. माईकमधून फक्त फूस फूस ऐकू येत होतं. आणि मी थांबलो म्हणून, सवयीने, सगळी चाळ एका दमात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

माझो काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. बंड्या डोळे मिटून ओरडला. पोरं नाचत ओरडली. माझ्या आवाजाने दचकून गॅस पेटवणारी वरच्या घरातली म्हातारी हात जोडून ओरडली. मी काहीच मागितलं नव्हतं आणि सगळी चाळ माझ्यासाठी हो म्हणत होती. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, दोन्ही एकदम, देवासमोर, नारळ हातात घेऊन. आवाज नव्हता तरी मी तिथेच उभा होतो, गाऱ्हाणं चालूच होतं, आणि कोणी मला बाजूला हो म्हणत नव्हतं.

मी मागे वळलो. भिंतीला टेकलेली सुनंदा माझ्याकडेच बघत होती. ती ओरडली नव्हती. तिला तेवढं कळत होतं, की माझं मागणं अर्धवट राहिलंय. तिच्या चेहऱ्यावर तोच पेजेच्या दिवसाचा प्रश्न होता.

मी नारळ डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं. उंच, सगळ्यांच्या डोक्यावरून तिला दिसेल असं.

प्रणालीने आईचा हात घट्ट धरला. बंड्याला वाटलं मास्तर म्हणतायत, अजून एकदा. त्याने दोन्ही हात उंचावून चाळीला खूण केली आणि पुन्हा सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" ह्या खेपेला सगळ्यात मोठा आवाज मागून, भिंतीकडून आला. तो सुनंदाचा होता.